घट्ट बसणारे खण

४ फेब्रुवारी

कपाटं आली. चोवीस. प्रत्येकात वीस खण. सगळी ओकची, पितळी मुठींची, माझ्या हातच्या नकाशाबरहुकूम.

सुतार सोबत आला होता. त्याला सगळे काटकोन म्हणतात, तोही तेच नाव सांगतो. त्यानं एक खण ओढला आणि नुसता बोटानं ढकलला. शेवटची बोटभर वाट खण आपला आपणच गेला आणि आतली हवा हळूच सुस्कारा टाकल्यासारखी बाहेर आली.

"फटीतून कागद जाणार नाही," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलंत म्हणून केलं. मला विचाराल तर इतकं घट्ट बरं नव्हे. लाकूड कोवळं आहे. दोन वर्षं वाऱ्यावर पडायला हवं होतं. त्याला अजून घाम येतो, साहेब."

"लाकडाला घाम?"

"झाड मेलं हे त्याला कुणी सांगितलंय अजून?"

मी हसलो. काटकोनला काय ठाऊक, धूळ म्हणजे काय ते! एकतीस वर्षं माझे शंख तंबाखूच्या आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत राहिले. झुरळांनी चिठ्ठ्या खाल्ल्या. पाहुणे यायचे आणि विचारायचे, हे संग्रहालय आहे की किराणा दुकान? सप्टेंबरात राजधानीतून समिती येणार आहे. आम्हाला संग्रह नीट राखता येत नाही असं त्यांना वाटलं, तर माझे नऊ हजार शंख उचलून विद्यापीठाच्या तळघरात जातील, आणि तिथे कुणी पदवीवाला त्यांना बाळाच्या खुळखुळ्यासारखं हलवून पाहील.

मी सोळाव्या वर्षी बटणांच्या कारखान्यात लागलो. शिंपले कापून बटणं काढायची. सत्ताविसाव्या वर्षी इथे झाडू मारायला आलो. काच पुसता पुसता काचेआडचं वाचलं. भिंग उसनं घेतलं, ते परत केलं नाही. आज शंखांवरचे माझे अकरा निबंध छापलेले आहेत आणि नावापुढे पदवीचं एक अक्षरसुद्धा नाही. पदवी म्हणजे दुसऱ्यानं पाहिलेलं आपण लिहून घेतल्याची पावती. मी स्वतः पाहिलंय.

९ फेब्रुवारी

शंख हलवायला आज हीसुद्धा आली. कारखान्यात आमची ओळख झाली तेव्हा ही बटणांची प्रतवारी करायची. हात अजून तसेच आहेत. न बघता तडकलेला शंख बाजूला काढते.

तिचा शंख मी शेवटी हलवला. अंगठ्याच्या नखाएवढा, डावीकडे वळणारा. जगात एवढाच सापडलाय. वीस वर्षांपूर्वी मी त्याचं वर्णन छापलं आणि जातीला हिचं नाव दिलं. असा नमुना हरवला तर नाव हवेत लटकतं. खरंखोटं करायला मागे काहीच उरत नाही.

"दागिना मागितला होता," ही म्हणाली. "गोगलगाय मिळाली."

"जगाच्या यादीत नाव आहे तुझं."

"ते खरं. वाण्याच्या यादीतून तेवढं काढा."

बाराव्या कपाटात, वरच्या खणात ठेवला. खण आत गेला. सुस्कारा.

२१ मार्च

माझी मदतनीस बाई चाळिशीची आहे. दोन पदव्या आहेत, आवाज हळू आहे. आज खण उघडून ती मागे सरली.

"सर, आत आंबट वास कोंडलाय. डोळ्यांना लागतो."

मी वाकलो, दीर्घ श्वास घेतला आणि जाणकारासारखी मान हलवली. "नवं लाकूड आहे. जाईल."

इथे खरं लिहायला हरकत नाही. मला वास येत नाही. कारखान्याच्या मागच्या खोलीत आम्लाची पिंपं असायची. कापलेली बटणं त्यात बुडवली की फसफसायची आणि चकचकीत होऊन निघायची. तीन वर्षं मी त्या पिंपांवर वाकून होतो. बाविसाव्या वर्षी एका सकाळी साबणाला वास नव्हता. तेव्हापासून कशालाच नाही. हे फक्त हिला ठाऊक आहे. मेलेला प्राणी आत आहे की नाही हे निसर्गाचे अभ्यासक शंख हुंगून सांगतात. मी हुंगायचं नाटक करतो आणि टाचणीनं टोचून बघतो. एकतीस वर्षांत कुणी पकडलं नाही. आता पकडू देणार नाही.

२ मे

नवव्या कपाटातल्या कवड्यांवर काहीतरी आलं आहे.

आधी वाटलं, धूळ. पण धूळ वरून पडते, हे आतून आलेलं दिसतं. भिंगाखाली पाहिलं तर पांढऱ्या बारीक सुया, एकमेकींना टेकून उभ्या, थंडीच्या सकाळी गवतावर दहिवर गोठावं तशा. कवडीची चकाकी त्यांच्याखाली विझून गेली आहे. एक सुई जिभेवर ठेवली. आधी खारट, मग जीभ बराच वेळ चुरचुरत राहिली.

सगळ्या धुतल्या, पुसल्या, सुकवल्या, परत ठेवल्या.

१६ मे

परत आलं. धुतलेल्यांवर आधी.

८ जून

नऊवरून दहा, अकरा, सात. ज्या ओळीत शिरतं त्या ओळीत एकही सोडत नाही. काल जो शंख ठणठणीत होता त्याच्या पाठीवर आज बोट फिरवलं, तर शहारा आल्यासारखी खरखर लागली. बोट पांढरं झालं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर जातात तेव्हा खोलीत आवाज येतो. टिक. मग बराच वेळ काही नाही. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून टिक. जणू आतून कुणी नखानं दार वाजवतंय आणि आपण कुठल्या कपाटात आहोत हे विसरलंय. आज मी एका कपाटाला कान लावून बसलो. माझ्याच श्वासाशिवाय काही नव्हतं. मग श्वास रोखला, तरी काही क्षण तो येतच राहिला.

मी घाबरट माणूस नाही. हे लिहून ठेवतो.

१९ जून

उगम सापडला!

एप्रिलमध्ये एका दिवंगत डॉक्टरांचे सहाशे शंख त्यांच्या मुलीनं देणगीदाखल दिले. बाईंनी ते सोडले, मांडले, आणि त्याच हातांनी नवव्या कपाटातल्या कवड्या हाताळल्या. रोग तिथूनच आला. मेलेल्या माणसाच्या घरातून, न धुतलेल्या हातांवर बसून. लोक म्हणतील की दगडाला कसला रोग? शंख दगड नाही. ते कुणाचं तरी घर आहे, आणि ओसाड घराला जे लागतं ते त्यालाही लागतं.

उपाय ठरवला. हातमोज्यांशिवाय कुणी शिवायचं नाही. प्रत्येक खणाच्या कडेला मेणाची वळी. एकाचा श्वास दुसऱ्याला लागता कामा नये. मी आणि काटकोननं मिळून तीन दिवसांत चारशे ऐंशी खण बंद केले.

काटकोन सारखा खोकत होता. "साहेब, चोर आत असताना बाहेरून कडी लावताय."

"चोर एप्रिलमध्ये आला. कपाटं फेब्रुवारीत."

"मग तोवर त्यांना भूक नसेल लागली," तो म्हणाला. सुतारांना बोलायला काय जातं!

३० जुलै

बाईंनी माझ्या पाठीमागे एक उद्योग केला. मेण लावण्याआधी एकाच मुठीतल्या दोन निरोगी कवड्या घेतल्या. एक सोळाव्या कपाटात ठेवली. दुसरी आमच्या जुन्या तंबाखूच्या डब्यात घालून स्वतःच्या टेबलावर. आज सहा आठवड्यांनी दोन्ही माझ्यासमोर मांडल्या. कपाटातली पिठासारखी पांढरी. डब्यातलीत माझा चेहरा दिसला.

"सर, फरक फक्त कपाटाचा आहे."

मी दोन्ही भिंगाखाली धरल्या. कबूल करतो, क्षणभर पटलं. मग विचार केला, आणि विचार केल्यावर स्वच्छ दिसलं. डब्यातली एकटी होती. कपाटातली वस्तीत होती. एकटी वाचली, वस्तीतली गेली. साथ याहून वेगळी असते का?

तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग एक कपाट पूर्ण रिकामं करू. त्यात एकच कवडी ठेवू, एकटी. दोन महिने थांबू."

"समितीला दीड महिना आहे आणि तुम्ही रिकामी कपाटं मांडून बसणार?"

"सर, चिडू नका. तुम्हाला तो वास येतो ना? खरंच येतो ना?"

त्यांनी हे का विचारलं? इतक्या हळू, इतक्या मायेनं? आजाऱ्याशी बोलतात तशा त्या बोलत होत्या. माझ्या कानांत काहीतरी वाजायला लागलं.

मी सरळ संचालकांकडे गेलो. साथीच्या काळात परवानगीशिवाय नमुना बाहेर काढला, असं लेखी दिलं. यात एक शब्द खोटा नाही.

३ ऑगस्ट

बाईंना तिकीट खिडकीवर पाठवलं. दोन पदव्या आता तिकिटं फाडतील. मला आनंद व्हायला हवा होता. जाताना त्यांनी डबा माझ्या टेबलावर ठेवला, कवडीसकट. मी कवडी तिच्या जागी ठेवून खणाला मेण लावलं आणि डबा फेकला.

११ ऑगस्ट

तिचा शंख मोजला. उंची सोळा पूर्णांक सहा मिलिमीटर.

माझ्या छापील वर्णनात सतरा पूर्णांक दोन आहे.

तीनदा मोजला. पाठीवर अकरा कंगोरे लिहिलेत, मला सात दिसतात, आणि तेही झोपेतल्या चेहऱ्यासारखे मऊ झालेले. वीस वर्षांपूर्वी माझी मापपट्टी स्वस्तातली होती. तेव्हा मीच चुकलो असेन. मूळ चिठ्ठीवरचा आकडा खोडून नवा घातला. कंगोरेही सुधारले. आता चिठ्ठी आणि शंख जुळतात.

हे लिहून झाल्यावर हात धुवायला गेलो आणि नळ सुरू करून तसाच उभा राहिलो, किती वेळ कोण जाणे.

२० ऑगस्ट

ही डबा घेऊन आली होती, मी जेवायला घरी जात नाही म्हणून. दारातच थबकली. एक हात नाकावर.

"आत या म्हणू का?" मी म्हटलं.

"अहो, इथे मागची खोली आहे."

"कसली मागची खोली?"

"कारखान्यातली. पिंपांची. तोच वास. मी डोळे मिटले तर तुम्ही मला पिंपावर वाकलेले दिसाल." तिनं एक खण बोटानं दाखवला. "याच्यातून येतोय. आणि त्याच्यातूनही. सगळ्यांतूनच. तिथे शिंपला आम्लात टाकला की काय व्हायचं? वरची साल उतरायची. विसरलात?"

"तिथे पिंपं होती, पाणी होतं, फेस होता. इथे सगळं खडखडीत कोरडं आहे. कोरड्या हवेनं दगड खाल्लेला कधी पाहिलास?"

"माझं शिक्षण नाही तेवढं."

"माझंही नाही! पण मी पुराव्यानं बोलतो."

"पुरावा माझ्या नाकात आहे," ती म्हणाली. "तुमच्यात असता तर तुम्हीही आधी तेच बोलला असतात. त्या बाईंना बोलवा परत. त्यांना सांगा एकदाचं, की तुम्हाला येत नाही वास. काय होईल? हसतील? हसू द्या."

काय होईल ते तिला कसं सांगू? एकतीस वर्षं मी ज्या ज्या शंखाबद्दल 'आत प्राणी नाही' असं लिहिलं, त्या प्रत्येकावर पुन्हा प्रश्नचिन्ह लागेल. म्हणतील, पाहिलंच कुठे यानं? बटणवाला तो बटणवाला.

मी म्हटलं, तू घरी जा. ती गेली. डबा दारात ठेवून गेली, आत आली नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. ती गेल्यावर मी चौदाव्या कपाटाचं मेण सोडलं, खण उघडला आणि त्यात तोंड घालून श्वास घेतला. छाती भरून. काही नाही. पण डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि मी तर रडत नव्हतो.

१२ सप्टेंबर

विजय!

आठ दिवस मऊ कुंचल्यानं पावडर झाडत होतो. दर्शनी खणांत सगळ्यांत ठणठणीत शंख वर आणले, आजारी तळाला. समितीत तिघं. वृद्ध अध्यक्ष, एक बाई, एक चष्मेवाला. संचालक चाचपडायला लागले तेव्हा मी त्यांच्या हातातून सूत्रं घेतली.

मी म्हणालो, "विद्येला वारसा नसतो, वारस असतात. हे शंख ज्यानं पुसले, मोजले, ओळखले, त्याच्या हातून काढून तुम्ही तळघराला देणार असाल तर खुशाल द्या. पण मग दारावर लिहा, की इथे डोळ्यांपेक्षा कागदाला मान आहे!" आणखी पुष्कळ बोललो. चष्मेवाल्यानं लिहायचं थांबवलं. अध्यक्षांनी टाळी वाजवली.

समितीतल्या बाई मात्र एका खणापाशी रुमाल नाकाला लावून उभ्या होत्या. "कसलं पॉलिश वापरता?" त्यांनी विचारलं.

"उत्तम प्रतीचं," मी म्हणालो.

संग्रह इथेच राहणार. एवढंच नाही. बंदरावरच्या संग्रहालयाचं छत गळतं. त्यांचे अकरा हजार शंख अध्यक्षांनी माझ्या ताब्यात द्यायची शिफारस केली. त्यांत दोनशेच्या वर असे, की ज्यांच्यावर जातीची नावं उभी आहेत आणि जगात दुसरी प्रत नाही. काटकोनला आणखी तीस कपाटं सांगितली. तसंच लाकूड, तसेच घट्ट.

काटकोन म्हणाला, "करतो. पण या वेळी माझा शिक्का कपाटामागे मारणार नाही."

७ ऑक्टोबर

बाराव्या कपाटाचा वरचा खण उघडला. कापसाच्या मधोमध चिमूटभर पीठ होतं. चिठ्ठी शाबूत. हिचं नाव माझ्या अक्षरात, शाई ताजी वाटावी इतकी काळी.

मी श्वास सोडला आणि पीठ हललं. आणखी सोडला असता तर तेवढंही राहिलं नसतं. तोंडावर हात धरून खण लावला.

घरी गेलो तेव्हा ही चहा गाळत होती. न वळता म्हणाली, "मी कशी आहे?"

ती नेहमी अशीच त्या शंखाची चौकशी करते. वीस वर्षांची थट्टा आहे.

"बरी आहेस," मी म्हणालो.

ती वळली आणि माझ्याकडे पाहत राहिली. चहा गाळणीवरून ओसंडून ओट्यावर आला. "बाकीचे तरी उघड्यावर काढा," ती म्हणाली. "माझं जाऊ दे."

मी तिला काही सांगितलं नव्हतं. हिला कसं कळलं? रोग कपड्यांवरून घरी आला असेल का? उद्यापासून कोट संग्रहालयातच काढून ठेवीन.

१८ नोव्हेंबर

बंदराचे शंख आले. नवी तीस कपाटं परवाच लावून झाली. शंखांसोबत त्यांचा रखवालदार-संग्रहपाल आला, सत्तरीचा, वाकलेला. आधी होडीवर होता. माझ्यासारखाच, शाळेबाहेरचा. पाच मिनिटांत आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायला लागलो. सबंध आयुष्यात मला असा माणूस भेटला नव्हता. एका शंखाच्या ओठाच्या दातांवरून आम्ही तासभर भांडलो आणि दोघंही हरलो.

त्याचे शंख पत्र्याच्या डब्यांत होते. एक डबा त्यानं उघडला. सगळे ओले असल्यासारखे चमकत होते. चाळीस वर्षांचे, तरी कालच लाटेनं टाकलेले वाटावेत.

"हे बघ," तो म्हणाला, "मला मूलबाळ नाही. हे आहेत." मग त्यानं पहिला खण स्वतः ओढला. हवा बाहेर आली. तो थांबला. त्याच्या नाकपुड्या हलल्या. डबा त्यानं छातीशी धरला.

कुठेतरी मागे टिक झालं.

"काय रे हे?" त्यानं विचारलं. "हा वास? होडीत लोणी नासलं, रंग नासला, सगळं हुंगलंय मी. हे काही मला ठीक वाटत नाही. तुला येतोय ना?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे म्हातारे, ओले, पूर्ण विश्वासाचे. मी नाही म्हटलं असतं तर तो काही हसला नसता, एवढं मला तेव्हाच कळलं. डबे उचलून परत घेऊन गेला असता, बस.

"येतो की," मी म्हणालो. "चांगला ओक आहे. रोज येतो मला. सवय होते."

त्यानं सुटकेचा श्वास सोडला. "तू म्हणतोस तर झालं. माझ्या नाकाचं आता काय खरं आहे?"

मग आम्ही दोघांनी मिळून पहिला खण भरायला घेतला. तो एकेक शंख दोन्ही हातांनी उचलून मला देत होता, आणि मी ठेवत होतो.